उजव्या पायाचे धागे

आधी एक सांगून टाकते, म्हणजे तुम्ही जीव मुठीत धरून वाचणार नाही. या गोष्टीत कुणी मरत नाही, कुणाचं हाडही मोडत नाही. आमची प्रयोगशाळा सहामाहीभर बंद पडली आणि प्राचार्य माझ्याशी अजून धड बोलत नाहीत, एवढंच. त्याचं मला सोयरसुतक नाही.

मी हेमांगी मगदूम. इचलकरंजीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कंपोझिट शिकवते. कंपोझिट म्हणजे काय हे आमच्या भागात आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्या शेडमधून पूर्वी धोतरं आणि शर्टिंग निघायचं, तिथे आता कार्बनच्या धाग्याचं काळं कापड विणतात. त्या कापडाला राळ लावायची, थरावर थर चढवायचे आणि भट्टीत भाजायचं. पोलादाला भारी पडेल पण एका हाताने उचलता येईल, अशी वस्तू तयार होते. बसचे सांगाडे, पाण्याच्या टाक्या, माणसांचे पाय, सगळं याच कापडातून निघतं.

वस्तू टिकेल की नाही हे भाजण्याआधीच कळावं म्हणून 'तंतुवेध' नावाचं सॉफ्टवेअर असतं. त्याची रीत तशी सोपी आहे. वस्तूचे हजारो बारीक तुकडे कल्पायचे, प्रत्येकाला विचारायचं, बाबा रे, शेजारी तुला किती ओढतोय? मग सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळवून अख्ख्या वस्तूचं भविष्य सांगायचं. कंपन्यांकडे त्याची व्यावसायिक आवृत्ती असते. तिला नुसतं 'पाय पाहिजे' म्हटलं की ती स्वतःच आकार ठरवते, थर ठरवते, तपासते आणि हिरवा शिक्का मारून मोकळी होते. आत काय चाललं हे कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही.

आमच्याकडे शैक्षणिक आवृत्ती. फुकट, म्हणून तिचे नखरे भारी. तुकडे मोजकेच पाडू देते, थर मोजकेच लावू देते आणि सरळ उत्तर तर कधीच देत नाही. आधी आपल्यालाच विचारते, 'तुमचा अंदाज काय? कशावरून?' वर प्रत्येक पानावर आडवा शिक्का: शिक्षणासाठी, प्रत्यक्ष वापरासाठी नाही. पोरं वैतागली की मी म्हणते, धर्माची गाय अन् दात का गं नाही, असं म्हणू नका, दूध काढा! तिच्यावर खऱ्या वस्तूचं काम करायचं नाही अशी लेखी अट आहे. अट मोडली तर परवाना बंद. वर्गात ही अट पोरांच्या डोक्यात हातोडीने ठोकणारी बाई मीच.

आता भाऊजींकडे येते. सन्मती हे माझे धाकटे दीर. कुरुंदवाडच्या व्यायामशाळेत मल्लखांब शिकवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा हा माणूस जमिनीवर कमी आणि खांबावर जास्त असायचा. जेवायला हाक मारली की वरून उलटं लटकूनच विचारायचे, "भाजी कसली आहे, वहिनी?" दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीखाली त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "अढीला गुडघा लागतो, तो शाबूत आहे." अढी म्हणजे मांड्या-गुडघ्यांनी खांब आवळून उलटं राहायचं. आम्ही सगळे रडत होतो आणि हे गृहस्थ हिशेब मांडत होते.

यंदा त्यांना नवा पाय मिळाला, गतिपाद नावाच्या कंपनीचा. त्याचं वैशिष्ट्य असं की त्याला घोट्याचा सांधाच नाही. सांध्याचं काम धागे करतात. तुमच्या खिशातला रुमाल काढा आणि धाग्याच्या दिशेने ओढा. ताणतो का? नाही. आता तोच कोपऱ्यात धरून तिरपा ओढा. लगेच लांबतो आणि वाकडा होतो. शिंपी ज्याला उरेब म्हणतात ते हेच. कंपोझिटमध्ये सगळे धागे एकाच बाजूला तिरपे लावले तर गंमत होते. वस्तू वाकवायला जावं तर ती वाकता वाकता वळते. धागे उजवीकडे तिरपे तर एका अंगाला, डावीकडे तिरपे तर दुसऱ्या. गतिपादने ही खोड कामाला लावली. टाचेवर भार पडला की चवडा आपोआप किंचित बाहेर वळतो, खऱ्या पायासारखा. मोटर नाही, बॅटरी नाही. कल्पना इतकी सुरेख की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा स्टाफरूममध्ये एकटीच वा वा म्हणाले होते.

पण भाऊजींचं काही जुळेना. सरळ चालताना ठीक. वळताना, उतरताना, आणि मुख्य म्हणजे खांबावरून उडी घेताना पाय दगा द्यायचा. "आत वळतोय हा," ते म्हणायचे. कंपनीच्या ॲपने सांगितलं, पाय उत्तम आहे, वापरणाऱ्याची सवय अपुरी आहे. रोज व्यायाम करा. त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातून निमकर नावाचे गृहस्थ फोनवर म्हणाले, "काका, सवय होईल." आमचे हे म्हणाले, "सवय होईल रे." शेजारपाजारचे म्हणाले. खोटं कशाला बोलू, मीही म्हणाले.

मग एकदा उडी घेताना ते पोरांच्या देखत आपटले. लागलं काही नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी खांबावर चढणं सोडलं.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते आमच्याकडे जयसिंगपूरला आले. हे बाहेर गेले होते. मी चहा ठेवला. भाऊजी कपाकडे बघत बसले, प्याले नाहीत.

"वहिनी, रविवारी कमिटीची बैठक आहे. मी सांगणार आहे, दुसरा उस्ताद बघा."

"का? काय झालं?"

"भित्रा झालोय मी."

"काहीतरीच काय!"

"काहीतरी नाही. पाय चांगला आहे, कागद आहे त्याचा, सगळं हिरवं आहे. मग उरलं काय? मी. उडी घ्यायच्या आधी माझ्या पोटात गोळा येतो, वहिनी. बारकी पोरं बघत असतात वर. भित्र्या माणसाने त्यांना काय शिकवायचं?"

त्यांनी हे अगदी शांतपणे सांगितलं. पाय गेला तेव्हा न खचलेला माणूस एका हिरव्या शिक्क्यापुढे खचून बसला होता. मला त्या शिक्क्याचा असा संताप आला म्हणता! आणि नंतर स्वतःचाही. वीस वर्षं वर्गात ओरडतेय, उत्तरावर विश्वास ठेवू नका, कशावरून ते विचारा. आणि घरच्या माणसाला ते एकदाही विचारलं नाही.

"भाऊजी, आत वळतो म्हणजे नेमका कधी?"

"टाच टेकून भार टाकला की. जेवढा भार, तेवढा आत."

"कधीतरी की दर वेळी?"

"दर वेळी. पण सवय..."

"सवयीला मारा गोळी. त्या पायाचा अहवाल मला पाठवा."

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाची दोघं होती, वृषभ कोथळे आणि आफरीन जमादार. वृषभ घाईचा, आफरीन शंकेखोर. जोडी उत्तम. मी अहवाल त्यांच्यापुढे टाकला. वृषभने लगेच पायाचा आकार तंतुवेधमध्ये चढवला, आणि यंत्राने नम्रपणे खोडा घातला: 'हा खऱ्या व्यक्तीचा अवयव दिसतो. शैक्षणिक आवृत्तीत हे काम करता येणार नाही. आपण पट्टीपासून सुरुवात कराल का?'

"घ्या! पट्टी म्हणे. पहिल्या वर्षाला आहोत का आपण?" वृषभ म्हणाला.

आफरीन म्हणाली, "थांब रे. पट्टी चालेल की. पाय राहू दे बाजूला. अहवालात थरांचे कोन दिलेत. त्याच कोनांची साधी सपाट पट्टी घेऊ, एक टोक धरू, दुसरं दाबू. कुठल्या अंगाला वळते एवढंच बघायचंय ना?"

मी त्यांना अडवलं नाही. अडवायला पाहिजे होतं. अट माझ्याच तोंडची होती. पण पट्टी काही कुणाचा अवयव नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

यंत्राने विचारलं, 'तुमचा अंदाज काय?' वृषभने टाकलं, बाहेर. 'कशावरून?' त्याने कागदावर धागे काढले, डोकं खाजवलं, लिहिलं. उत्तर आलं, बरोबर, बाहेर. म्हणजे अहवालातला पाय बाहेर वळायला हवा. भाऊजी सांगत होते आत.

"म्हणजे काकांचा गैरसमज," वृषभ हळूच म्हणाला.

"किंवा अहवालातला पाय वेगळा आणि काकांच्या गुडघ्याखाली लावलेला वेगळा," आफरीन म्हणाली. तिने धाग्यांचे कोन उलट्या अंगाला तिरपे केले. पट्टी आत वळली. वर आणखी एक गोष्ट दिसली. असं वळताना टाचेजवळ धाग्यांवर आडवा ताण येत होता, आणि आडव्या ताणाने खारी बिस्किटासारखे पदर सुटत जातात. लगेच नाही. काही महिन्यांनी, एखाद्या उडीला.

आता खरा पाय तपासायला हवा होता. त्याच्यावर कातडीच्या रंगाचं आवरण चिकटवलेलं, धागे दिसत नव्हते आणि आवरण काढलं तर हमी जाते. भाऊजींना सांगावं, तर माझ्याकडे फक्त पट्टी होती. वहिनी समजूत काढायला काहीतरी सांगतेय, असंच त्यांना वाटलं असतं. मग मी काय केलं? चोरी केली. माझ्या धाकट्या जावेला, त्रिशलाला, फोन केला. दुपारी जेवून भाऊजी पाय काढून आडवे झाले की तिने तो टॉवेलात गुंडाळून मागच्या दाराने माझ्या हातात दिला.

"वहिनी, चारच्या आत आणा हो! उठले की आधी पाय शोधतात," ती कुजबुजली.

"धुवायला टाकलाय म्हण."

"पाय?"

स्कूटरच्या डिकीत दिराचा पाय घेऊन मी कॉलेजात पोचले. आफरीनने तो टाच वर करून गुडघ्याकडच्या टोकाशी शिकंज्यात आवळला. चवड्याला माझी विणकामाची सुई चिकटवली, सुईचं टोक भिंतीवरच्या कागदाकडे केलं. वृषभने टाचेवर वजनं ठेवायला घेतली. एक ठेवलं, सुई सरकली. दुसरं ठेवलं, आणखी सरकली. आत. दर वेळी आत. भाऊजींनी शब्दाने सांगितलं होतं ते सुईने भिंतीवर लिहून दाखवलं. 

"नाद खुळा," वृषभ पुटपुटला. मी त्याला रागावले नाही.

पाय वेळेत परत गेला. मी निमकरांना फोन लावला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यापुढे हिरवा शिक्का होता.

"मॅडम, आमच्या व्यावसायिक आवृत्तीने पास केलाय."

"तिने चित्र पास केलंय हो, पाय नाही. तुमच्या कारखान्यात तो मांडला कसा, हे तिला कुणी दाखवलंय?"

"सुईबिईवर आम्ही उत्पादन थांबवू शकत नाही. विश्लेषणाचा अहवाल पाठवा. कुठल्या आवृत्तीवर केलंय?"

 माझ्याकडे एकच अहवाल होता आणि त्याच्या प्रत्येक पानावर तो आडवा शिक्का होता. पट्टीचा खेळ खेळणं वेगळं आणि कंपनीच्या विकलेल्या मालाबद्दल तो पुरावा म्हणून पाठवणं वेगळं. परवाना जाणार, पोरांची सहामाही बुडणार. मी ते त्या दोघांना स्पष्ट सांगितलं.

"मॅडम, काकांचा हा पाय उजवा आहे आणि वळतो डाव्यासारखा," आफरीन म्हणाली. "त्या कारखान्यातून आणखी कुणाकुणाला उजवा पाय गेला असेल?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी भाऊजींपुरतं बघत होते. कुठे कुठे कोण कोण जिने उतरताना स्वतःलाच शिव्या घालत असेल, देव जाणे. मी अहवालावर सही केली आणि पाठवून दिला. सुईचा व्हिडिओ सोबत जोडला.

पुढचे दोन दिवस सुखाचे नव्हते. तंतुवेधच्या मालकांची नोटीस आली, आमच्या सगळ्या संगणकांवर एकच ओळ झळकायला लागली: परवाना स्थगित. प्राचार्यांनी बोलावून मला शिस्तीवर व्याख्यान दिलं, जे व्याख्यान मीच दर जुलैत देते. मी ऐकून घेतलं. जेवण मात्र जात नव्हतं. समजा आमचंच चुकलं असेल तर? पाय एकच तपासला होता, तोही टॉवेलातून आणून.

शनिवारी सकाळी निमकरांचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"मॅडम, आम्ही त्याच मापाचा एक उजवा पाय कापून बघितला. तुमचं बरोबर आहे."

झालं होतं असं. त्या कारखान्यात आधी सगळे डावेच पाय व्हायचे. उजव्याची पहिली मागणी आली तेव्हा कापड कापण्याचा नमुना उलटा करायचा होता. खरं तर डाव्याचे कापलेले तुकडे पालथे केले असते तरी काम झालं असतं. आकारही उलटला असता आणि धागेही. पण कापडाला राळ एकाच बाजूला. पालथं केलं की चिकट बाजू वर येते आणि थर बसत नाही. म्हणून मंडळींनी शहाणपणा केला. कापड होतं तसंच ठेवलं आणि नुसता नमुना पालथा घालून कापलं. आकार उजव्या पायाचा झाला, धागे डाव्याचेच राहिले. वरून बघून कुणालाही कळलं नसतं. कळलं फक्त ज्यांच्या अंगावर तो चढला त्यांना, आणि त्यांना सगळ्यांनी सांगितलं, सवय करा.

"असे सगळे पाय आम्ही परत मागवतोय. आजपासून वापर बंद," निमकर म्हणाले. आणि मग, "मॅडम, त्या काकांना मी स्वतः फोन करतो. मीच म्हणालो होतो त्यांना..."

"तुम्ही संध्याकाळी करा. आधी मी जाते."

मला काय वाटलं सांगू? छातीवरून जातं उतरल्यासारखं झालं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच दोन धपाटे खाल्ले आणि स्कूटर काढली.

भाऊजी व्यायामशाळेत होते. पोरांना यायला वेळ होता. पोरांसाठी खांबाला एरंडेल लावून ते बाजूच्या बाकावर बसले होते, दुसऱ्या दिवशी बैठकीत काय बोलायचं याची जुळवाजुळव करत. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. पट्टी, चोरी, सुई, कापड, निमकर. चोरीवर सुद्धा ते हसले नाहीत.

"परत सांगा," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. पाय उलटा होता. तुम्ही म्हणत होता ते अक्षर न् अक्षर खरं होतं. तुमच्या जागी कुणीही असता तरी आपटला असता, आणि पोटात गोळा आला तो भित्रेपणा नव्हता भाऊजी, तुमच्या अंगाला कळत होतं.

"मी भित्रा नाही?"

"नाही."

"कागदावर आहे हे?"

"कारखान्याने पाय कापून बघितलाय. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

त्यांनी मान हलवली.  मग वाकले, पट्टे सोडले, पाय काढून बाकावर ठेवला आणि एका पायाने उड्या मारत खांबापाशी गेले. मला वाटलं टेकायला गेले. तर दोन्ही हातांनी खांब धरून हा माणूस वर!

"अहो! भाऊजी! खाली या आधी! त्रिशलाला काय सांगू मी?"

ते ऐकायला तयार नव्हते. हातांनी ओढत, मांड्यांनी आवळत ते वर सरकले, कंबर वळवली, आणि खांब दोन्ही मांड्यांत घट्ट धरून हळूहळू डोकं खाली सोडलं. अढी बसली. हात सोडून दिले. दोन वर्षांनी मी त्यांचा चेहरा तसा उलटा बघत होते. ते रडत होते, मोकळेपणाने, आवाज करून. आणि उलटे असल्यामुळे त्यांचं सगळं पाणी गालांवरून नाही, भुवयांवरून कपाळाकडे आणि तिथून केसांत चाललं होतं.

मी खालून पदर वर केला आणि, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, त्यांचं कपाळ पुसलं.